साहेबाच्या शेगडीचा चौथा पाय

दहिवलीच्या बायजा लोहारणीनं अठरा वर्षं घण मारला.

लोहाराच्या साळेत दोन माणसं लागतात. एक ऐरणीपाशी बसतो. त्याच्या डाव्या हातात सांडस, उजव्या हातात लहान हातोडा. तापलेल्या लोखंडावर तो हातोडा नुसता टेकवतो, समोर उभ्या माणसानं घण उचलून बरोबर त्याच जागी आणायचा. पुन्हा टक्, पुन्हा धाड. बसलेल्याला गाव लोहार म्हणतं. उभी असते ती बहुतेक त्याची बायको, आणि तिला गाव काही म्हणत नाही.

बायजाचं माहेर चौकचं. हाडापेरानं रुंद बाई, मनगटं गड्यासारखी, बोलणं तुटक. एक मुलगी झाली, ती नेरळला दिली. नवरा नागू कामाला चोख, तोंडानं मुका. बायकोला काही सांगायचं झालं तरी तो हातोडाच वाजवी. एकदा वाजला की मार, दोनदा वाजला की थांब, ऐरणीवर आडवा ठेवला की चूल पेटव. अठरा वर्षांत त्यांचं भांडण असं झालं नाही, कारण भांडायला लागणारी भाषाच त्या घरात नव्हती.

आगगाडी घाट चढून पुण्याला जायला लागल्याला तेव्हा वीस-बावीस वर्षं झाली होती. कर्जत स्टेशनात गाडीला मागून दुसरं इंजिन लागे. तोवर गाडी उभी राही आणि उतारू पाय मोकळे करत. दहिवलीला त्या इंजिनाची शिटी ऐकू येई, त्यापलीकडं तिचा गावाशी संबंध नव्हता. गावात नांगर होते, फाळ होते, आणि फाळ शेवटायला, म्हणजे झिजलेलं टोक तापवून, ठोकून पुन्हा काढायला, एक लोहार होता.

कार्तिकात जरीमरी आली आणि तीन घरांतून चार माणसं गेली. त्यात नागू एक.

तेरावं झालं आणि आबाजी पाटील साळेत आले. बरोबर जयवंता गुरव होता. देवाची पूजा त्याच्याकडं, आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीत सोवळं-ओवळं काढायचं कामही त्यानं आपणहून घेतलेलं. पाटील खांबाला टेकून बसले. बायजा दाराआड उभी राहिली.

"बायजे, झालं ते वाईट झालं," पाटील म्हणाले. "पर गावाला लोहार पायजे. खालापूरचा सहदेव तुझा चुलतदीरच. तिथं तिघं भाऊ एका भट्टीवर पोट भरत्यात. वैशाखात तो हितं येईल. मी बोललोय त्येच्याशी."

"आन मी?"

"तुमच्यात पाट लागतो. सहदेवाची बायको गेल्या साली मेली. नायतर नेरळला लेक हाय."

बायजा दाराआडून पुढं आली. मग म्हणाली, "फाळ मी शेवटीन."

जयवंता गुरव हसला. "तू घणवाली गं. घण मारणं येगळं, हातोडा धरणं येगळं. बैल गाडी वढतो म्हून त्येला गाडीवान म्हनत्यात व्हय?"

"बैलाला रस्ता म्हाईत असतो," बायजा म्हणाली.

पाटील उठले. जाता जाता त्यांनी तिला रिवाज सांगितला, तिला माहीत असलेलाच. शेतकरी फाळ घेऊन येतो तो स्वतः भाता ओढतो. ज्या लोहाराच्या भात्याला त्यानं हात लावला, त्या लोहाराचा सुगीत त्याच्या खळ्यावर धान्यात वाटा. "तुझ्या भात्याला कोन हात लावतंय ते बघ. वैशाख सरंपर्यंत भट्टी तुझी. कोन नाय आलं तर सहदेवाची."

मार्गशीर्ष गेला, पौष गेला. खुरपी येत, विळे येत. ते बायका आणत, आणि बायकांनी भाता ओढल्याला रिवाजात किंमत नव्हती. कातकरवाडीचा पोशा कोळसा घेऊन येई आणि बदल्यात कोयत्याला धार लावून नेई. पण पोशाला खळंच नव्हतं.

माघात एके दिवशी बैलगाडीतून कुंभिवलीचा नामा आला.

नामा कुणब्याचा. घरची शेती तिघा भावांत, म्हणून तो माथेरानला एका साहेबाच्या बंगल्यात भांडी घासायला राहिला होता. सहा वर्षांत भांड्यांवरून मसाला वाटण्यावर आणि तिथून विस्तवापाशी सरकला. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा बंगल्यातलं सामान विकायला काढलं. खुर्च्या, पलंग, आरसे पारशांनी नेले. शेवटी परसदारी एक वस्तू राहिली ती कोणी घेईना, म्हणून साहेबानं ती नामाला देऊन टाकली.

गाडीतून ती दोघांनी उतरवली. लांबीला पाळण्याएवढी लोखंडाची पेटी, वर तोंड उघडं, खाली चार पाय. पेटीवर सळ्यांची जाळी. बाजूंना खाचा, जाळी खालीवर सरकवायला. सळ्या मधोमध विस्तवानं खाल्लेल्या, लोंबलेल्या. तीन पाय बाहेर वळलेले आणि त्यांना खाली नखं असलेले पंजे. चौथा आत वळलेला. आणि सगळ्या अंगावर वर्षानुवर्षांची चरबी, धूर आणि राख मिळून झालेलं काळं, चिकट, बोटभर जाड किटण.

"ह्ये काय रं?"

"गिरील," नामा म्हणाला. "साहेबाची शेगडी, काकी. खाली कोळसा, वर मटान. चाप म्हनत्यात, चाप. बरगडीसकट. नुसतं मीठ लावायचं आन भाजायचं. तेल नाय, मसाला नाय."

"मसाला नाय तर गिळत्यात कसं?"

"पान्यासारखं कायतरी पीत्यात त्येच्यासंगं." नामानं पागोटं काढून घाम पुसला. "मी स्टेशनाभाईर दुकान टाकणार हाय. इंजिनाचे डायवर, गारड, समदे गोरे नायतर अर्धे गोरे. इंजिन लागंपर्यंत त्यांना भूक लागती. ही नीट करून दे. जाळी नवी पायजे, पाय सरळ पायजे."

"खालापूरवरनं आलास ना? सहदेव भावजींकडं नाय नेलीस?"

नामा घुटमळला. "नेली व्हती. म्हनला, भट्टीत घालनार नाय."

बायजानं वाकून किटणाचा वास घेतला. "ह्याच्यावर काय काय भाजलंय?"

"मासळी. साहेब दातानं अधू व्हता."

"आत्ता बरगड्या म्हनलास."

"बकऱ्याच्या. सणाला."

"नामा, माझ्या डोळ्यांकडं बघून सांग."

नामानं बैलांकडं बघितलं. बायजा समजली.

भट्टी म्हणजे लोहाराची देवी. नागू असताना साळेत कोणी कातड्याची वहाण घालून आलं तर तो हातोडा दोनदा वाजवी आणि तो माणूस बाहेर जाई. अमावस्येला भट्टी पेटत नसे. त्या विस्तवात गाईची चरबी टाकायची म्हणजे नवऱ्यामागं साळच बाटवायची. पण पोशा सोडला तर साळेत पुरुष गिऱ्हाईक तीन महिन्यांत हे पहिलंच आलं होतं. जाळीच्या नव्या सळ्या, पाय, असलं काम करून दाखवायला हातोडा धरावा लागणार होता, आणि ते कोणीतरी बघणार होतं.

"ठिवून जा," ती म्हणाली. "वाट बघावी लागंल. आन काम व्हईल तवा घण तू मारायचा."

"मी?"

"मंग काय साहेब येनार हाय विलायतेवरनं?"

दुसऱ्या दिवशी पोशा आला. त्याला तिनं शेगडी दाखवली. पोशा तिच्याभोवती एक फेरी मारून आला, किटणाला नख लावलं, चोळून बघितलं आणि हसला.

"तुझ्या लाकडाच्या ढिगात घाल ही," बायजा म्हणाली. "कोळसा व्हतो तशी जळू दे. माझ्या भट्टीत यायच्या आधी तिच्यावर काय राह्यलं नाय पायजे."

"खैराची लाकडं लावलीत यंदा. आठ दिस धुमसतील."

"धुमसू दे."

"माजा कोळसा चरबीनं बरा पेटंल मग, बाय."

"तो कोळसा मला नको आनू. तुझ्या चुलीला ठेव."

पोशानं आणि त्याच्या भावानं शेगडी बांबूला लटकवून वाडीवर नेली. डोंगराच्या अंगाला लाकडं उभी रचून, वर पाला आणि ओली माती लिंपून तो कोळसा करी. आत ज्वाळा नाही, नुसती धग. शेगडी मधोमध ठेवून त्यानं भोवती लाकूड रचलं. आठव्या दिवशी माती फोडली, तेव्हा आतून राखाडी, कोरडी, उघडी वस्तू निघाली. किटणाचा मागमूस नव्हता. उलट बाजूंवर वेली आणि फुलं होती हे पहिल्यांदा दिसलं. माथेरानच्या बंगल्यात सहा वर्षं शेगडीपाशी वावरलेल्या नामालाही ती माहीत नव्हती.

बायजानं वाळू आणि नारळाचा काथ्या घेऊन तीन दिवस ती घासली. मग पायाकडं वळली.

तीन पाय बाहेर, एक आत. अर्थ उघड होता. कशानं तरी दणका बसला आणि पाय वाकला. वाकलेलं लोखंड कसं सरळ करायचं ते तिला झोपेत येत होतं. तिनं पेटी कलती करून तो पाय भट्टीत धरला. भाता एका हातानं ओढला. पाय लाल झाला. ऐरणीला टेकवून तिनं हातोड्यानं हलके ठोकला. पाय हलला नाही. जरा जोरानं ठोकला. तरी नाही. लोखंड असा हट्टीपणा करत नाही, एवढं तिच्या हाताला कळलं, पण हाताचं ऐकण्याआधी तिनं अठरा वर्षांची सवय ऐकली. काम अडलं की नागू लोखंडाला पाणी द्यायचा, थंड करून नीट बघायचा आणि पुन्हा तापवायचा. तिनं लाल पाय दगडी कुंडात बुडवला.

पाणी चरचरलं. मग कुंडाच्या तळाशी 'टिक्' असं झालं, बांगडी वाढवावी तसं. बायजानं पेटी उचलली तर तीन पाय आले. चौथा पाण्यात.

तिनं तो बाहेर काढला आणि तुटल्या जागेकडं बघत बसली. लोखंड तुटतं तेव्हा उसाच्या पेरासारखे धागे दिसतात. इथं आत रवाळ, करडं होतं, भरड्या पिठासारखं. बीड. बाजारात बिडाच्या कढया तिनं बघितल्या होत्या. ओतून करतात, ठोकून नाही. बीड वाकत नाही. म्हणजे हा पाय वाकलेलाच नव्हता.

पेटी उलटी करून तिनं आतून हात फिरवला. पाय बसवलेला होता त्या जागी मळसूत्राचा एक जाड खिळा आणि त्यावर चौकोनी चकती होती. चकती सैल होती. पाय खिळ्याभोवती फिरला होता, एवढंच. हातानं अर्धा वळसा दिला असता तर तो बाहेर बघायला लागला असता.

तिनं कपाळाला हात लावला नाही की देवाचं नाव घेतलं नाही. उठून चूल पेटवली.

नामा चार दिवसांनी आला, तेव्हा तिनं त्याच्यासमोर तुकडा ठेवला. "मोडला. माझ्या हातनं."

नामाचं तोंड उतरलं. "काकी, ह्यो सिव्हाचा पाय व्हता."

"कशाचा?"

"सिव्हाचा. वाघासारखा असतो. आयाळ असती. साहेबानं सांगितलं व्हतं."

"म्या नाय बघितला सिव्ह. जोडता येनार नाय. नवा करून देते. पर लोखंडाचा, बिडाचा नाय. आन सिव्हाचा नाय जमायचा."

"मंग कुनाचा?"

"मला म्हाईत असंल त्येचा," बायजा म्हणाली. "घण उचल."

साळेत एका मोडक्या चाकाची धाव पडून होती, गाडीच्या चाकावर बसवायची लोखंडी पट्टी. तिचा तुकडा बायजानं तोडून तापवला. समोर घणाला दुसरा माणूस ठेवून ती आयुष्यात पहिल्यांदा ऐरणीपाशी बसली. डाव्या हातात सांडस, उजव्या हातात हातोडा. समोर नामा घण घेऊन उभा राहिला, लग्नातल्या नवरदेवासारखा.

तिनं टेकवलं. नामानं घण आणला तो ऐरणीच्या शिंगावर. ठिणगी उडाली.

"लोखंड हितं हाय रं. मी हितं वाजवलं ना?"

"दिसलं नाय काकी."

"दिसायचं नसतं ते. आयकायचं असतं. डोळं मिट."

"डोळं मिटून तुजा हात मोडीन."

"मंग दोघं मिळून गावाबाहेर भीक मागू. उचल."

दुपारपर्यंत नामाचे तळहात फोडांनी भरले. पण त्याला अंदाज आला, किंवा त्यानं अंदाज करणं सोडलं. बायजा वाजवी तिथं घण येऊ लागला. धावेची पट्टी जाड सळई झाली, सळईला बाक आला, वरच्या टोकाला खिळ्यासाठी भोक पडलं. पंजा करायची वेळ आली तेव्हा बायजानं टोक चपटं केलं आणि छिन्नी मधोमध ठेवून दुभंगलं. दोन नखं. बैलाचा खूर.

मग नऊ सळ्या. मग जाळीची चौकट. शेवटी सगळ्याला खोबरेल चोळून, चुलीवर गरम करून, अर्ध्या कांद्यानं घासून पुन्हा तेल. बिडाच्या तव्याला करतात तेच. दोनदा, तीनदा. शेगडी काळी आणि तुळतुळीत झाली. चारी पाय बाहेर बघत होते. ती डुगडुगत नव्हती.

त्याच आठवड्यात सहदेव खालापूरहून कर्जतच्या बाजाराला आला आणि पाटलांना भेटला. तो खोटं बोलला नाही. साहेबाची, गाईचं मांस भाजलेली शेगडी माझ्याकडं आली होती, मी भट्टीत घालायला नकार दिला, ती आता तुमच्या गावच्या भट्टीत आहे, एवढंच त्यानं सांगितलं.

संध्याकाळी पाटील, जयवंता गुरव आणि मागून आठ-दहा माणसं साळेपाशी आली. गावातली कामं नसलेली माणसंही असल्या वेळी कामाची होतात. नामा शेगडी न्यायला आला होता. पोशा कोळशाची डालगी उतरवून ओट्याखाली चिलीम ओढत बसला होता.

पाटील आत आले नाहीत. उंबऱ्यापाशी उभे राहून म्हणाले, "बायजे, ही भट्टीत घातलीस?"

"घातली. एक पाय."

"बघा," गुरव म्हणाला. "आता ह्या भट्टीतला फाळ देवाच्या जमिनीत घालायचा कसा? बाटली भट्टी."

"साहेब मासळी खायचा—" नामा सुरू झाला.

"तू गप रं," तीन-चार जण म्हणाले.

"घातली ती जळून पाक झाल्यावर," बायजा म्हणाली. "आठ दिस पोशाच्या ढिगात व्हती. लोखंडाला अग्नी दिला की इटाळ ऱ्हात नाय. ह्ये गावचंच म्हननं हाय, माझं नाय."

गुरवानं मान हलवली. "अग्नी कुनाचा? कातकऱ्याचा. इटाळावर इटाळ चढवलास. कातकऱ्याच्या आगीनं कुठं शुद्ध व्हतं?"

बायजा वाकली आणि डालग्यातला एक कोळसा उचलून तिनं पुढं धरला. "ह्यो कुनाच्या आगीतला?"

सगळ्यांच्या नजरा ओट्याखाली बसलेल्या पोशाकडं गेल्या.

"पोशाच्या. धनी व्हते तवा बी त्येच्याच आगीतला. त्येच्या आधी त्येच्या बापाच्या. ह्याच कोळशावर देवळाच्या दाराच्या कड्या भाजल्या, भाऊ. तुमी न्यायला आलता. पाटलांच्या नांगराचा फाळ ह्येच्यावर. लेकीच्या लग्नाची मोठी कढई बसवायची तिवई ह्येच्यावर. त्या आगीत इटाळ असंल तर तो तुमच्या घरात कवाचा शिरलाय. आता मला एकलीलाच कशाला ईचारता?"

पोशानं चिलीम बाजूला केली. "माजी आग नको आसंल तर नको आसू दे," तो आरामात म्हणाला. "कोळसा मी नेरळला देतो. मग फाळ शेणीवर भाज, पाटील."

मागून कोणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं केलं. गुरव काहीतरी शोधत राहिला. पण देवळाच्या कड्या त्यानं स्वतः रोज सकाळी हातानं उघडलेल्या होत्या, आणि त्यातून बाहेर पडायची वाट त्याला उभ्या उभ्या सापडेना.

पाटलांनी वहाणा काढल्या आणि साळेत आले. शेगडीपाशी उकिडवे बसले. खूर हातात घेऊन त्यांनी तो हलवून बघितला, खिळ्याची जागा बघितली, दुभंगलेल्या टोकावरून अंगठा फिरवला.

"ह्यो कुनी ठोकला?"

"मी."

"आन घण?"

"मी, पाटील," नामा म्हणाला आणि दोन्ही तळवे पुढं केले. "ही बाई वाजवती तिथं मारायचं म्हंजे... मी सा वरसं गोऱ्याची चाकरी केली, पर असला साहेब नाय बघितला."

पाटील उठले. "बघू," म्हणाले आणि गेले. त्यांच्या मागून बाकीचे गेले.

नामाची शेगडी स्टेशनाबाहेर चिंचेखाली बसली. पहिल्याच आठवड्यात एका ड्रायव्हरनं तीन पंजे आणि एक खूर बघून नामाला काहीतरी विचारलं आणि पोट धरून हसला. नामाला कळलं नाही, पण त्या ड्रायव्हरनं दुसऱ्या दिवशी दोघांना बरोबर आणलं. पुढं चार वर्षं ती तिथं होती. मग स्टेशनाची हद्द वाढली आणि नामा चौकच्या रस्त्याला गेला.

इकडं बायजा वाट बघत होती. भट्टी बाटल्याची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. ती काढणं म्हणजे स्वतःच्या नांगराला नावं ठेवणं. पण न काढणं वेगळं आणि फाळ घेऊन येणं वेगळं. चैत्र गेला. सहदेवाचा निरोप आला की लग्नसराई आटोपली की सामान घेऊन निघतो. रोज सकाळी ती भट्टी पेटवी, ऐरणीवर पाणी शिंपडी आणि खुरपी, विळे काढी. भात्याची दांडी तिनं तूप लावून ठेवली होती. ती वापरून गुळगुळीत व्हायची, तशी होत नव्हती.

वैशाखाच्या चौथ्या दिवशी कमळ्या आला. एका बैलाचा धनी. दुसरा बैल तो शेजाऱ्याचा मागून आणी. खालापूरला फाळ नेऊन आणायचा म्हणजे त्याची दोन दिवसांची मजुरी बुडणार. त्यानं उंबऱ्यावर फाळ ठेवला आणि आजूबाजूला बघितलं.

"वैनी, कोन आलं व्हतं का माझ्याआधी?"

"नाय."

"मंग मी येऊन गेलो असं सांगू नको."

"धूर दिसतो रं गावाला. भाता वढ."

त्यानं ओढला. घणाला तिनं शेजारची भागूबाई उभी केली होती, रोज थोडं शिकवून. कमळ्याचा फाळ निघाला. त्यानं तो उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितला, टोकावर नख ओढलं आणि खांद्यावर टाकून गावातल्या लांबच्या वाटेनं घरी गेला. तसं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिघं आले. ते कमळ्याचा फाळ बघून आले होते, पण बोलले उन्हाबद्दल.

वैशाख वद्यात पाटलांचा गडी चार फाळ घेऊन आला. बायजानं ते हातात घेतले नाहीत.

"मालकाला सांग, ह्ये रोजगारीचं काम नव्हं. बलुत्याचं हाय. भाता धन्यानं वढायचा."

गडी घाबरला. "मी वढतो की."

"तुझं खळं कुठं हाय?"

गडी फाळ घेऊन परत गेला. त्या रात्री बायजा जेवली नाही असं भागूबाई पुढं सांगे. चार दिवस पाटलांकडून कोणी आलं नाही. पाटलांनी फाळ खालापूरला पाठवले असते तर अर्धा गाव त्यांच्यामागं गेला असता, हे तिला माहीत होतं आणि पाटलांनाही.

पाचव्या दिवशी सकाळी साळेत पाच जण रांगेत बसलेले असताना आबाजी पाटील आले. चारी फाळ त्यांनी स्वतःच खांद्यावर आणले होते. बसलेल्यांनी उठून जागा दिली. बायजानं मान वर केली नाही. हातातलं काम लाल होतं.

"माझा नंबर कितवा?" पाटलांनी विचारलं.

"सावा."

पाटील खांबाला टेकून बसले. ऊन साळेच्या निम्म्यापर्यंत आलं तेव्हा त्यांची पाळी आली. त्यांनी धोतर खोचलं, दांडी धरली आणि जोरात ओढली. राख सगळ्यांच्या अंगावर उडाली.

"हळू, पाटील. विस्तव इजंल. लांब वढा, दम ठेवून."

पाटलांनी लांब ओढली.

तिसरा फाळ भट्टीत असताना बाहेर गाडी थांबली. सहदेव होता. गाडीत ऐरण, दोन घण, भाता, आणि एक ट्रंक. तो खाली उतरला, आत आला आणि भात्याच्या दांडीवरचे हात बघून थांबला. पाटील ओढत राहिले, कारण फाळ तापत आला होता आणि मध्येच सोडता येत नव्हतं. सहदेवालाही ते माहीत होतं. तो बाजूला उभा राहिला. बायजानं फाळ काढला, टेकवलं, भागूबाईनं घण आणला. फाळ निघाला तेव्हा पाटलांनी दांडी सोडली.

मग पाटील म्हणाले, "सहदेवा, आता कसं करू या?"

"करायचं काय," सहदेव म्हणाला. "तुमी हात लावलाय."

बायजा पदरानं तोंड पुसत उठली. "भावजी, बैल सोडा. ऊन लई हाय. भाकर करते."

सहदेवानं बैल सोडले. गाडीतलं सामान सोडलं नाही. जेवताना त्यानं पाटाचा विषय काढला नाही आणि तिनंही काढला नाही. ऊन उतरल्यावर तो खालापूरच्या रस्त्याला लागला.

मार्गशीर्षात खळ्याखळ्यावर लोहाराचा वाटा निघाला तो बायजाच्या सुपात पडला. सगळ्यांचा नाही. वरच्या आळीतली सात घरं फाळ खालापूरला नेत राहिली. चढउतार करून दोन दिवस घालवत, पण नेत. बायजानं त्यांना कधी विचारलं नाही. त्यांची खुरपी आली तर करून देई. पुढं सोळा वर्षं ती ऐरणीपाशी बसली. त्या सातांपैकी एकेक घर खाली येत गेलं. शेवटचं आलं ते जयवंता गुरवाचं, आणि तेही त्याचा मुलगा कर्ता झाल्यावर.